गुलाबी इंजिनाची किंमत



अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९५७ साली खास मुलींसाठी विजेवर चालणारी एक आगगाडी काढली. इंजिन चक्क गुलाबी, डबे फिकट पिवळे, निळे, जांभळट. मुलींनी तिच्याकडे पाठ फिरवली. खरं इंजिन काळं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं! गाडी दुकानांतच पडून राहिली. आज तीच गाडी मिळवायला संग्राहक भरपूर पैसे मोजतात, कारण खपली नाही म्हणून ती दुर्मिळ झाली. मूळचा खोका सोबत असेल, तर भाव आणखी चढतो.

बाजाराचा हिशेब असा आहे. कुणी हात न लावलेल्या गाडीला मोल जास्त. मला मात्र जीव लावावासा वाटतो तो खेळून खेळून रंग उडालेल्या काळ्या इंजिनाला.

लायनेल कंपनी काढणाऱ्या जोशुआ लायनेल कोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पहिली गाडी बनवली ती दुकानाच्या काचेत मांडायला. गिऱ्हाइकांनी आतला माल सोडून ती गाडीच मागितली आणि धंदा उभा राहिला. या गाड्यांना रूळ तीन. मधल्या रुळातून वीज येते आणि इंजिनाच्या पोटाखालची छोटी चाकं ती उचलतात. जुनं इंजिन उलटं करून पाहा. या चाकांवर झिजेची खाच दिसते. किती संध्याकाळी ते गोल गोल फिरलं असेल, हे ती खाच सांगते. ट्रान्सफॉर्मरचा दांडा मागे ओढला की इंजिन थांबतं, पुन्हा सरकवला तर जागच्या जागी नुसतं गुणगुणतं, आणखी एकदा तसंच केलं की उलटं धावू लागतं. १९४६पासून तर त्याच्या धुराड्यातून धूरही निघू लागला.

१९५०मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. या गाड्यांचे भाव चढवले ते याच पिढीने, हातात पैसा आल्यावर, हरवलेलं बालपण परत घेताना. ती पिढी ओसरू लागली तशी नेहमीच्या मॉडेलांची मागणीही ओसरते आहे. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. उलट, ज्याला गाडी चालवायचीच आहे, त्याला ती आता परवडू शकते.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली उघडलं. तिथल्या गाड्या धावतात, म्हणून मुलं काचेला नाक लावून उभी राहतात.

अमेरिकेतल्या नातलगांकडून अशा गाडीची एखादी जुनी पेटी तुमच्या घरी आली, तर एवढं करा. तिथला ट्रान्सफॉर्मर ११० ते १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो थेट लावू नका. वायरवरचं रबर तडकलेलं असेल, तर जाणकाराकडून आधी बदलून घ्या. मग चाकांच्या आसाला तेलाचा एक थेंब, रुळांवर कोरडं फडकं, आणि दांडा मुलांच्या हातात द्या.