एका गावाचे आडनाव



चिपळूणचा माणूस परगावी गेला की त्याला लोक चिपळूणकर म्हणतात. खुद्द चिपळुणात सगळेच तिथले; मग तिथे या नावाने कोण कुणाला ओळखणार? गावाचे नाव माणसाला चिकटते ते गाव सुटल्यावर. इंग्लंडातही तीच तऱ्हा. तिथल्या अशाच एका विरळ आडनावाची हकीकत आज सांगतो. ते आडनाव म्हणजे अ‍ॅटनबरो.

तुम्हांला ते अगदीच परके नाही. १९८२ साली 'गांधी' हा चित्रपट आला, त्याचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो. त्यात कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. त्याच्या वेशभूषेसाठी ऑस्कर पारितोषिकाचा मान कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला. भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. पशुपक्ष्यांच्या चित्रमालिका करणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो हे रिचर्ड यांचे धाकटे भाऊ.

मध्य इंग्लंडात, नॉटिंगहॅम शहराजवळ, ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचे गाव आहे. नावातला 'बरो' म्हणजे तटबंदीची जागा, आपल्याकडच्या 'कोटा'सारखी. आधीचा भाग अ‍ॅडा नावाच्या कुणा पुरुषाचा, असे जाणकार मानतात.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढच्या तीन-चार शतकांत बापाचे आडनाव मुलाने चालवायची रीत तिथे रुळली. कुणी अ‍ॅटनबरो सोडून शेजारच्या गावी गेला आणि हे नाव घेऊन राहिला. आजही नॉटिंगहॅमशायर आणि डार्बीशायर या लगतच्या परगण्यांत हे आडनाव इतर भागांपेक्षा दाट आढळते. काही घरे लंडनला गेली, काही समुद्रापार.

मग हे सारे एकाच बापाचे वंशज काय? पुरुषाच्या पेशीत 'वाय' नावाचे गुणसूत्र असते. ते आडनावासारखेच बापाकडून मुलाकडे जाते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथसारखे आडनाव गावोगावच्या लोहारांना मिळालेले. तिथे एक मूळ सापडेना. अ‍ॅटनबरो पुरुषांत मात्र शंभरांतले सुमारे सत्त्याऐंशी एकाच जातीचे गुणसूत्र बाळगणारे निघाले!

याचा अर्थ गावातून एकच माणूस निघाला असा नव्हे. कुणाला मुलीच झाल्या, कुणाचा वंश खुंटला. एकाची मात्र वेल मांडवावर चढली. उरलेले तेरा? कुठे दत्तक मुलगा आला असेल, कुठे आईचे आडनाव चालले असेल. ते काही कमी अ‍ॅटनबरो नव्हेत.

त्या गावाजवळ वाळूखडी उपसून झालेल्या खाणींत पाणी साचले, पाखरे आली. तिथे १९६६ साली पक्ष्यांचे अभयारण्य खुले झाले. ते खुले करायला कोण आले होते, ठाऊक आहे? डेव्हिड अ‍ॅटनबरो!

गुरुजनहो, मुलांना आपापल्या आडनावाचा शोध घ्यायला जरूर सांगा. पण एवढे बजावा, की आडनाव वाट सांगते, लायकी सांगत नाही. शिवाय ही वाट फक्त बापाकडची. आईकडून, आजीकडून जे आले, त्याची नोंद आडनावात कुठेच नसते. ती मुलांनी घरी विचारूनच घ्यावी, आणि आजी आहे तोवर घ्यावी.