अण्णांचं जर्मन इंजिन

कर्जत-नेरळच्या माणसाला माथेरानच्या गाडीचं कौतुक तसं कमीच. मुंबईची मंडळी खिडकीतून हात हलवतात, फोटो काढतात. आम्ही मात्र ती अंगणातल्या चिंचेसारखी गृहीत धरलेली. माझ्या घरी थोडं वेगळं होतं, कारण माझे वडील, अण्णा, नेरळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. वाफेच्या इंजिनाला ते 'आमचा जर्मन' म्हणायचे. 'आज जर्मन रुसलाय', 'जर्मनची आज तब्येत बरी नाही', असं रात्री जेवताना आईला सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, शेडमध्ये कुणी गोरा साहेबच ठेवलाय.

अण्णांचं म्हणणं अगदी खरं होतं. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास, यातून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग झाला. खर्च आला १६ लाख रुपये. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. वीसेक किलोमीटरच्या प्रवासात गाडी साडेसातशे मीटर वर चढते. काही जागी तर वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. अशा घाटात चालतील अशी चार इंजिनं मागवली गेली ती बर्लिनच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीकडून.

त्या इंजिनाची खरी करामत त्याच्या चाकांत होती. सहा चाकं एका चौकटीत घट्ट बसवली तर इतक्या तीव्र वळणावर ती रुळावरून उतरणार. म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ केलेला, त्याच्या पोटात दुसरा आस. बाहेरचा पोकळ आस चाकांसकट थोडा डावी-उजवीकडे सरकतो, थोडा वळतोही. अण्णा हे पोळपाटावर लाटणं आणि बांगडी ठेवून समजावत. 'बैल वळताना आधी मान वळवतो, मग अंग. तसंच हे,' असं म्हणायचे. पन्नाशीच्या दशकात डिझेल इंजिनं आली, तीही जर्मनीचीच, आर्नोल्ड युंग यांच्या कारखान्यातली. पण अण्णांच्या लेखी जर्मन एकच, काळा, वाफ सोडणारा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो थांबला, तेव्हा अण्णा आठवडाभर फारसे बोलले नव्हते.

आता योगायोग बघा. आमची लेक लग्नानंतर जर्मनीत गेली आणि राहायला लागली ती बर्लिनला लागून असलेल्या पोट्सडामच्या बाबेल्सबर्ग भागात. २०१९ साली आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे विणकरांचा उत्सव असतो. वेबरप्लाट्झ म्हणजे विणकरांचा चौक. मधोमध चर्च, भोवती बुटकी, कौलारू, जोडघरं. प्रशियाच्या फ्रेडरिक राजानं १७५१ च्या सुमारास बोहेमियातून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांना इथे वसवलं. धर्मापायी गाव सोडून आलेली माणसं ती. वस्तीचं नाव नोवावेस, म्हणजे त्यांच्या भाषेत नवं गाव. आमच्या सौ. लगेच म्हणाल्या, 'म्हणजे आपलं नवगावच की!'

उत्सव म्हणजे काय, तर आपल्याकडच्या गावजत्रेसारखंच सगळं. पाळणे, भाजलेल्या सॉसेजचा धूर, बँडवाले, पोरांची रडारड. पण एका मंडपात हातमाग मांडला होता आणि एक म्हातारे गृहस्थ पोरांना धोटा फेकायला शिकवत होते. आमची नात रांगेत तीनदा उभी राहिली. मला त्या जत्रेत आवडलं ते हेच. देवाची नव्हे, राजाची नव्हे, कापड विणणाऱ्यांची जत्रा. नोवावेस हे नाव मात्र १९३८ मध्ये पुसलं गेलं आणि बाबेल्सबर्ग झालं. त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांना परक्या भाषेचं नाव खुपत होतं. हे मला जावयांनी परतताना ट्रामच्या थांब्यावर सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मी ते तिथेच सोडून दिलं. परदेशातला इतिहास आपल्याला कशाला, असा एक आळस असतोच.

डिसेंबर २०२३ मध्ये सगळी मंडळी कर्जतला आली. नात आता तेरा वर्षांची. तिला पणजोबांची गाडी बघायची होती. पहाटे लोकलनं नेरळ गाठलं, तिकिटाच्या रांगेत जावई उभे राहिले, बरोबर आणलेले कर्जतचे वडे गाडी सुटायच्या आधीच संपले. ही गाडी चालू असणं हेच आम्हा लोकांना नवल. २६ जुलै २००५ च्या पावसानं मार्ग वाहून गेला, तो शंभरी भरत आली तेव्हा २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून बंद, २०१९ च्या पावसात पुन्हा बंद, मग थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये चालू.

जुम्मापट्टी सोडल्यावर नात म्हणाली, 'आजोबा, पणजोबांचा जर्मन आमच्या गावचा होता.' येण्याआधी ती सगळं शोधून आली होती. बेन्नो ऑरेनस्टाइन आणि आर्थर कोपेल या दोघांनी १८७६ मध्ये कंपनी काढली. पुढे त्यांचा इंजिनांचा मोठा कारखाना निघाला तो ड्रेविट्झला, म्हणजे लेकीच्या घरापासून सायकलनं जाण्याइतका जवळ. आणि दोघंही संस्थापक ज्यू. हिटलरच्या राजवटीत १९३५ मध्ये ऑरेनस्टाइन कुटुंबाला कंपनीतला आपला हिस्सा सोडावा लागला. १९४० मध्ये कंपनीचं नावही बदललं. नवं नाव कसलं, तर यंत्रबांधणी आणि रेल्वेसाहित्य. कुणा माणसाचं नावच नाही त्यात.

मी हिशेब केला. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे असतील. ज्या साली त्या दोघांचं नाव त्यांच्याच कारखान्यावरून उतरवलं गेलं, त्या साली कोपेलची इंजिनं इथे नेरळच्या घाटात धापा टाकत पारशी, बोहरी, ब्राह्मण, इंग्रज सगळ्यांना माथेरानला नेत होती. एका बोहरी घराण्यानं ज्यू कारखानदारांकडून आणलेली. तिथे त्या नावाचा काटा झाला होता आणि इथे कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

'मग तिकडे आता काय आहे?' आमच्या सौ.नी विचारलं. नात म्हणाली, युद्धानंतर तो कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारकडे गेला, त्याला कार्ल मार्क्सचं नाव दिलं. 'नाव बदलायची भारी हौस आहे हो यांना,' सौ. म्हणाल्या. डब्यात हशा पिकला. नातीला मात्र हसू आलं नाही. त्यांच्याकडे रस्त्यात, फुटपाथवर, घरातून ओढून नेलेल्या माणसांच्या नावांच्या लहान पितळी पट्ट्या बसवलेल्या असतात. ती शाळेतून त्या पुसायला गेली होती.

माथेरानच्या बाजारात मोटारी नाहीत. लाल माती, घोडे, चिक्की, चपलांची दुकानं आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा. सौ.चे गुडघे गेलेले, तेव्हा रिक्षा केली. नात थबकली. 'आजी, तू माणसाला ओढायला लावणार?' सौ. गोरीमोरी झाली. रिक्षावाले काका शांतपणे म्हणाले, 'बाळा, आजी बसली नाही तर मी आज काय नेऊ घरी?' नात रिक्षाच्या बाजूनं चालली, पण एक शब्द बोलली नाही. दोघींचं बरोबर होतं असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माथेरानमध्ये माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. मी ते वर्तमानपत्र नातीला फोनवर वाचून दाखवलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, 'त्या काकांना मिळेल का?' नाव विचारायचं राहिलं होतं आमचं.

आता जरा आपल्याकडे वळतो. माथेरानची रेल्वे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला कधीच मुख्य यादीत गेल्या. यादीत जायची तेव्हा जाईल. पण हा वारसा म्हणजे नेमकं काय? उतारावर शिट्टी ऐकून डब्याडब्यांतून हातानं ब्रेक फिरवणारे, दरडीखालून रूळ मोकळे करणारे, शेडमध्ये तेलानं माखलेले हात, यांच्यासाठी नेरळच्या बाजारपेठेत एक दिवस रस्ता अडवून काही करावं, असं मला त्या विणकरांच्या चौकातून आल्यापासून वाटतं. भाषणं नकोत, मंत्री नकोत. एखादा जुना ब्रेकवाला पोरांना ब्रेक कसा फिरवतात ते दाखवील, तेवढं पुरे. परवा गावात एकदोघांना बोललो. एक म्हणाला, 'परवानगी कुणाची घ्यायची, रेल्वेची की ग्रामपंचायतीची?' दुसऱ्यानं मात्र शेडमधल्या जुन्या माणसांची यादी करायला घेतली आहे. चौदा नावं झाली. त्यातली नऊ माणसं आता नाहीत.

नात परत जाताना अण्णांचा एक पाना मागत होती. दीड हात लांब, दांड्याला अजून काळं तेल. विमानात हातातल्या सामानात नेता येणार नाही म्हटल्यावर तिनं तो कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडेकडेनं काढून घेतला आणि खाली देवनागरीत अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. पाना आमच्याकडेच आहे. टाकीचा नळ त्यानंच आवळतो.