बॅटरीतील अग्नी आणि त्याचा बंदोबस्त

१९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणलेली आणि आज खिशातल्या मोबाइलपासून रस्त्यावरच्या विजेच्या स्कूटरपर्यंत सर्वत्र संचार करणारी जी लिथियम-आयन बॅटरी, तिच्या पोटातला इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव मूलतःच ज्वालाग्राही आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. या बॅटरीतल्या सुमारे चार व्होल्टच्या दाबाखाली पाण्याचे विघटन होते. म्हणून तेथे कार्बोनेट वर्गातील सेंद्रिय द्रावकांची योजना करावी लागते, आणि त्यांपैकी डायमेथिल कार्बोनेटची वाफ तर १७-१८ अंश सेल्सियसलाही ठिणगीने पेट घेते.

आता, ज्वाला म्हणजे अभिक्रियांची एक साखळीच असते: हायड्रोजनचे मुक्तमूलक एका रेणूवरून दुसऱ्यावर धाव घेतात आणि आग पसरते. ट्रायफेनिल फॉस्फेटसारखे द्रव्य त्या द्रवात मिसळले, तर उष्णतेने त्याचे तुकडे होऊन फॉस्फरसयुक्त मूलक बाहेर पडतात, वाटेतच हायड्रोजनला पकडतात आणि साखळी तुटते. उपाय इतका सोपा, मग तो सर्रास अमलात का येत नाही? कारण, आग विझविण्यास पुरेल इतके हे द्रव्य घातले की द्रव दाट होतो, आयनांची ये-जा मंदावते, ग्राफाइटच्या ऋणाग्रावर अनिष्ट अभिक्रिया घडतात आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणजे जे औषध क्वचित प्रसंगीच लागायचे, त्याचा जाच निरोगी शरीराने रोज सोसावयाचा.

या पेचातून स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जी वाट दाखविली, ती मला अत्यंत मार्मिक वाटते. त्यांनी ते औषध द्रवात मिसळलेच नाही. दोन अग्रांमधील पडदा ज्या सूक्ष्म तंतूंनी विणावयाचा, त्या तंतूंच्या गाभ्यात ते कोंडून ठेवले. एरवी ते तेथे निमूट पडून राहते. परंतु तापमान १६० अंशांच्या आसपास पोहोचताच तंतूचे बहुवारिकी (पॉलिमरचे) कवच वितळते, औषध मोकळे होते, आणि त्यांच्या प्रयोगात पेटलेला इलेक्ट्रोलाइट ०.४ सेकंदांत विझला.

तथापि ज्वाला विझणे आणि उष्णता थांबणे या दोन भिन्न गोष्टी होत; बॅटरीच्या आत अभिक्रियांचा ताप एकदा चढू लागला, की या द्रव्यांचा इलाज अपुरा पडतो. म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे, की फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी कदापि चार्ज करू नये. ती जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी, आणि जेथे अशा बॅटऱ्या रीतसर स्वीकारल्या जातात तेथेच द्यावी.