परक्या वर्गातील धडा

(छात्राध्यापक, मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने काही आठवडे परदेशातील शाळेत शिकवून यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी चैनीची वाटते. जवळच्या शाळांत सरावपाठांची सोय लावतानाच आपल्या प्राचार्यांची दमछाक होते. मग परदेशाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. तथापि या कल्पनेच्या मुळाशी जो विचार आहे, तो मेळघाटातील वा भामरागडच्या शाळेलाही लागू पडणारा आहे. म्हणूनच तो आपणांपुढे मांडावयाचा आहे.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने १९७० च्या दशकात असा एक उपक्रम सुरू केला. छात्राध्यापकाने प्रथम आपल्याच राज्यातील शाळेत सराव-अध्यापन पुरे करावयाचे आणि नंतर सुमारे आठ आठवडे परदेशातील शाळेत शिकवावयाचे, अशी त्याची आखणी होती. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पुढे केनिया, भारत अशा देशांत हे विद्यार्थी गेले. जाण्यापूर्वी त्या देशाच्या चालीरीती व शिक्षणपद्धती यांचा अभ्यास सक्तीचा होता. राहावयाचे ते शक्यतो स्थानिक कुटुंबात. शाळा सुटल्यावर गावच्या व्यवहारात मिसळावयाचे आणि शाळेइतकेच समाजाकडून काय शिकलो, याचे लेखी अहवाल पाठवावयाचे. नुसत्या प्रवासात आणि या उपक्रमात जो फरक आहे, तो या नियमांनी पडतो.

अशा वर्गात काय घडत असेल, त्याची कल्पना करून पाहा. अमेरिकन छात्राध्यापक इंग्लंडमधील वर्गात फळ्यावर ‘कलर’ हा शब्द आपल्या सवयीने लिहितो आणि पहिल्या बाकावरचा मुलगा त्यात एक अक्षर कमी असल्याचे सांगतो. ‘वर्ग पहिल्या मजल्यावर आहे’ असे ऐकून तो तळमजल्यावरच शोधत राहतो, कारण त्याच्या देशात तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. तोच जर्मनीत गेला, तर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम पाहून गोंधळेल. गोष्टी लहान आहेत. परंतु ‘मी लिहितो तेच शुद्ध’ हा विश्वास त्यामुळे प्रथमच डळमळतो. आपण ज्याला ज्ञान समजत होतो, त्यातील बराचसा भाग केवळ सवयीचा होता, हे त्याला उमगते. शिकवावयास गेलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होतो. नव्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, हे त्याला पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या फजितीतून कळते.

याच विद्यापीठाचा त्याच दशकातील दुसरा उपक्रम मला अधिक बोलका वाटतो. त्यात छात्राध्यापकांना समुद्रापार नव्हे, तर अमेरिकेतीलच नॅव्हाहो आदिवासींच्या प्रदेशात पाठविण्यात आले. दिवसा ते शाळेत शिकवीत आणि मुलांच्या वसतिगृहातच राहून तेथील कामात मदत करीत. पारंपरिक नॅव्हाहो कुटुंबांत वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून पाहणे उद्धटपणाचे मानतात. हे ज्याला ठाऊक नाही, असा शिक्षक नजर खाली ठेवणाऱ्या मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का मारून मोकळा होईल. वस्तुतः ते मूल त्याला मानच देत असते. परकेपणा नकाशावरील अंतरावर अवलंबून नसतो, हेच यावरून दिसते.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी मेळघाटातील एका आश्रमशाळेला भेट दिली. मुलांना मी नीटनेटक्या प्रमाण मराठीत चार प्रश्न विचारले. एकही मूल बोलेना. ‘मुले अबोल व बुजरी आहेत’ अशी नोंद मी वहीत केली. जेवणाच्या वेळी स्वयंपाकीण बाईंनी तेच प्रश्न कोरकूत विचारले मात्र, मुलांमध्ये उत्तरे देण्याची अहमहमिका लागली. अबोल मुले नव्हती. बहिरा मी होतो. ती ओळ मी खोडली. परंतु अशा किती ओळी न खोडता राहिल्या असतील आणि त्यांपायी किती मुलांची शाळा सुटली असेल, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

कोरकू ही मुंडा भाषाकुलातील, तर माडिया ही द्रविड कुलातील भाषा होय. मराठीशी त्यांचे कुळाचे नाते नाही. तेव्हा पहिलीत बसणारे कोरकू मूल एका अर्थी परदेशातच आलेले असते. फरक इतकाच, की त्याची पूर्वतयारी कोणी करून घेतलेली नसते. त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाने तरी एकदा परकेपण अनुभवलेले असावयास नको काय?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात २० आठवड्यांच्या शालेय छात्रसेवाकालाची तरतूद आली. त्यांपैकी काही आठवडे, घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांच्या शाळेत घालविता येतील. मात्र तेथे जावयाचे ते पाहुणा म्हणून नव्हे. आधी त्या बोलीतील निदान शंभर शब्द शिकावेत, गावातील कुटुंबात राहावे आणि काय शिकविले याच्याबरोबरच काय शिकलो, हेही लिहावे. पंचायत सदस्यांनी अशा छात्राध्यापकासाठी एक घर शोधून द्यावे. मुख्याध्यापकांनी त्याचे अहवाल पाठटाचणांइतक्याच आस्थेने वाचावेत. यासाठी फार मोठा निधी लागेल, असे मला वाटत नाही.

छात्राध्यापक मित्रहो, तुमच्यापैकी कोणाला परदेशी जाण्याची संधी मिळाली, तर अवश्य जा. ती मिळाली नाही, तरी खंत करू नका. ज्या गावात तुमची भाषा चालत नाही, ज्या घरी पाणी कसे मागावे हेही मुलाकडूनच शिकावे लागते, तेथे चार आठवडे राहून या. परत याल तेव्हा वर्गातील गप्प मुलाकडे पाहण्याची तुमची दृष्टी बदललेली असेल. त्याला काही येत नाही, असे म्हणण्यापूर्वी, आपल्याला त्याचे काय येत नाही, हे तुम्ही स्वतःला विचाराल.