कापड वाढले, हात रिकामे राहिले



एखादा धंदा भरभराटीस आला म्हणजे त्यातील माणसांना काम मिळणारच, असे आपण गृहीत धरतो. कापडधंद्याचा इतिहास मात्र या समजुतीस दुजोरा देत नाही. स्वातंत्र्यानंतर देशातील कापडाचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. आणि त्याच काळात मुंबई, अहमदाबाद, कानपूर येथील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांतील हजारोंना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आले नाही. बाजारात मात्र कापडाचा तुटवडा पडला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील यंत्रमाग ते विणीतच होते.

यंत्र सुधारले म्हणजे माणसे कमी लागणार, ही भीती जुनीच आहे. एका विणकराने अधिक माग सांभाळावेत, या योजनेविरुद्ध मुंबईत १९२८ साली सहा महिने संप चालला. पुढे १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार यांनी काही तत्त्वे मान्य केली. सुधारणेमुळे कामावरील कोणाची नोकरी वा कमाई जाऊ नये. कामाचा बोजा नीट मोजला जावा. आणि होणाऱ्या लाभात समाज, मालक व कामगार या तिघांचाही न्याय्य वाटा असावा. याहून शहाणी तत्त्वे आजही सुचविणे कठीण.

उणीव तत्त्वांत नव्हती; ती कोणाला लागू पडतात, यात होती. बंद गिरण्यांतील कामगारांसाठी १९८६ साली पुनर्वसन निधी योजना आली. तीत पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य होते. पण अट सलग पाच वर्षांच्या नोकरीची. बदली कामगाराने ती कोठून पुरी करावी?

याहून बिकट अवस्था कांड्या भरणाऱ्या स्त्रीची. साध्या मागावर धोट्यात सुताची कांडी बसवावी लागते, आणि ती कोणीतरी भरावी लागते. नव्या मागाला धोटाच नाही. बाण्याचे सूत थेट मोठ्या कोनावरून ओढले जाते. धोटा गेला, कांडी गेली, आणि कांडीबरोबर तिची मजुरीही गेली. तिला कोणी कामावरून काढले नाही, कारण तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. म्हणून बेकारांच्या मोजणीतही ती सहसा सापडत नाही.

नवे माग नकोत, असे मी म्हणत नाही. जगाच्या बाजारात टिकायचे तर ते घ्यावेच लागतील. परंतु १९९९ पासून यंत्रांच्या आधुनिकीकरणास सरकारी खजिन्यातून साहाय्य मिळू लागले. जनतेच्या पैशाने यंत्र येते, तर त्या अर्जात एक प्रश्न अवश्य असावा: या यंत्रामुळे कोणाचे काम जाईल, आणि त्यांच्यासाठी काय योजिले आहे? हजेरीपटावर नसलेल्यांची नावेही त्या उत्तरात यावीत. नवे काम शिकण्याच्या काळात त्यांना मजुरी मिळावी, आणि ते काम त्यांच्याच गावी असावे.

किती मीटर कापड निघाले, हे आपण काटेकोरपणे मोजतो. त्या कापडामागचे किती हात रिकामे झाले, हेही तितक्याच दक्षतेने मोजू लागलो, तरच या वाढीला प्रगती म्हणता येईल.