खाऱ्या पाण्याची पेटी



फैजपूरला केळीची बाग शोभते, समुद्र नव्हे! पण थोरल्याने हौसेने मुंबईहून दोन क्लाऊन मासे आणले आणि ती काचपेटी माझ्या गळ्यात पडली. घरचे मीठ तिला चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेले निराळे मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे लागते.

वैशाखात पाणी तापू नये म्हणून वर पंखा लावला. दोन दिवसांत पाणी बोटभर उतरे आणि मी आपली पुन्हा मिठाचेच पाणी भरी. उडून जाते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. आमटी आटली की खारट होते, हे रोज पाहणाऱ्या मला एवढे कळू नये? एक मासा गेला. फार वाईट वाटले. आता आटेल तेवढे आर.ओ.चे गोडे पाणीच घालते.

खाऊही चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढाच. उरलेला कुजून पाणी विषारी होते. आपला "अजून एक घास" तिथे नको! खडकाचे प्रवाळ तर आणूच नये. ते २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

उरलेला मासा बघायला जरूर या. येताना त्याला खाऊ मात्र आणू नका.