पेशीचे सस्पेन्स खाते

(वार्षिक सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा. म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. तेरीज जुळली नाही, तर फरक सस्पेन्स खात्यात टाकून काम पुढे नेतात. भातकापणीच्या उन्हाने त्वचेच्या पेशीतील डीएनए बिघडतो, तेव्हा पेशीही तेच करते. डीएनएची नक्कल अडली की पीसीएनए या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लागते आणि पॉलिमरेज ईटा हे विकर अडथळा ओलांडते. बिघाड मात्र तसाच राहतो, दुरुस्ती नंतर. हे विकर जन्मतः सदोष असल्यास उन्हाने त्वचेचा कर्करोग लवकर जडतो, हे १९९९ साली उलगडले.

परंतु सिसप्लॅटिन या औषधाने केलेला बिघाडही कर्कपेशी याच वाटेने ओलांडू शकतात. ‘पैसे भरले, तरी औषध का लागू पडेना?’ असे नातेवाईक कार्यालयात विचारतात. त्या उत्तराचा एक भाग मला येथे सापडला.